राजाच्या जाकिटावरची हळद

मी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको, की एवढ्याशा डागाचं काय घेऊन बसलात. जर्मनीतल्या नेकारसुल्मला आमच्या बिल्डिंगच्या दाराशी टपालाच्या पेट्या आहेत. आमच्या पेटीत एखादं सरकारी पाकीट दिसलं तरी मी ते दोन दिवस उघडत नाही. उघडून बघावं तर आत निघतं कचऱ्याच्या गाडीचं वेळापत्रक. नवरा हसतो. तो गाड्यांच्या कारखान्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि त्याला भीती वाटते ती फक्त सोमवारच्या मीटिंगची.

एरवी माझ्या भीतीचा त्रास मलाच होतो. त्या वर्षी तो दुसऱ्या एका माणसाला झाला, आणि तेही अशा माणसाला, ज्याच्याकडे आधीच भीतीची कमतरता नव्हती.

पुण्यात मी एका कॉलेजच्या लायब्ररीत होते. इथे आल्यावर चार वर्षं घरी बसले. जर्मन शिकले, मुलीला किंडरगार्टनला सोडलं-आणलं, अर्ज पाठवले. नकाराची पत्रं यायची ती इतकी गोड, की दोनदा वाचल्यावर कळायचं, अरे, हे नाही म्हणतायत. त्या रिकामपणात मी एक उद्योग केला. जुनी जर्मन छापील अक्षरं, ती काट्याकुट्यांसारखी दिसणारी, हट्टाने वाचायला शिकले. आणि तीच कामाला आली. आमच्यापासून रेल्वेने अर्ध्या तासावर एक छोटं गाव आहे. तिथल्या चित्रसंग्रहाला जुन्या व्यंगचित्रांचे फोटो काढून त्यांच्याखालचा मजकूर टाइप करणारं माणूस हवं होतं. त्यांनी मला बोलावलं आणि घेतलं. घरी येऊन मी साखर वाटली, आणि करारातलं ते कलम मग वाचलं. पहिले सहा महिने प्रोबेत्साइट. म्हणजे तुमची परीक्षा. या काळात ते तुम्हाला दोन आठवड्यांच्या नोटिशीवर घरी पाठवू शकतात आणि कारणही सांगावं लागत नाही.

कारण सांगावं लागत नाही, हे वाक्य मी रोज गाडीत बसल्यावर मनात म्हणायचे. सहा महिने म्हटलं.

काम मात्र मला फार आवडलं. शे-दोनशे वर्षांपूर्वीची ती चित्रं. दगडावर काढून कागदावर छापलेली आणि मग कुणीतरी बसून एकेक हाताने रंगवलेली. सगळी युरोपातल्या राजांची, मंत्र्यांची, त्यांच्या तहांची आणि भांडणांची टर उडवणारी. एका चित्रात रशियाचा झार अस्वल होऊन शेजारच्या छोट्या राजाला मिठी मारतोय आणि त्या छोट्याचे पाय जमिनीवरून सुटलेत. एकात दोन देशांचे वकील एकमेकांना इतकं वाकून नमस्कार करतायत की त्यांचे टोप एकमेकांत अडकलेत, आणि दोघांच्याही पाठीमागे हातात सुरा. एक राजा लाकडी घोड्यावर डुलत फौजेला हुकूम देतोय, फौज शिशाच्या खेळण्यांची. मी पहिल्या दिवशी एकटीच मोठ्याने हसले आणि मग घाबरून दाराकडे बघितलं.

माझी शेफिन, म्हणजे विभागाची मुख्य, पन्नाशीची, उंच, केस अगदी बारीक कापलेले. ती रागावत नसे आणि कौतुकही करत नसे. टेबलावर पाणी नाही, शाईचं पेन नाही, फुलं नाहीत, खाणं तर नाहीच. हातमोजे नाहीत, हात स्वच्छ धुऊन कोरडे करायचे. कागदावर काही पडलं तर बोट लावायचं नाही, रबरी फुंकणीने हवा मारायची. आणि प्रत्येक चित्राची अवस्था लिहून काढायची. कोपरा फाटलेला, पाण्याचा डाग, किड्याने खाल्लेलं. पुढे एक रकाना, कारण काय. बहुतेक ठिकाणी तिथे दोनच शब्द लागत, उर्झाखे उनबेकांट. कारण अज्ञात. दोनशे वर्षांपूर्वी कुणी काय सांडलं ते कुणाला माहीत असणार!

आणि दर गुरुवारी दहा वाजता आजोबा येत. नाव मी इथे लिहीत नाही, पण मनात मी त्यांना आजोबाच म्हणायचे. हा संग्रह त्यांच्या घरातला. आदल्याच वर्षी त्यांनी तो गावाला देऊन टाकला होता, एकाच अटीवर, की त्यांना तो अधूनमधून बघू द्यायचा. पंचाऐंशीच्या पुढचे, मनगटं काडीसारखी, पण कोट-टाय कायम. येऊन बसले की मी त्या आठवड्याची चित्रं काढून ठेवायचे आणि ते सांगायचे, हे खिडकीपासून तिसरं होतं. हे जिन्यात. हे माझ्या आजोबांच्या टेबलावर, त्याच्याखाली दौत. एकही चूक नाही. ते माझ्याशी कमी आणि स्वतःशी जास्त बोलत. पाढे म्हणून बघणाऱ्या मुलासारखे.

एकदा त्यांनी मला सांगितलं, की युद्धाच्या काळात, ते चार-पाच वर्षांचे असताना, एके दिवशी त्यांच्या आईने सगळ्या भिंती मोकळ्या केल्या. चित्रं कपाटाच्या मागे सरकवली आणि त्यांना बजावलं, बाहेर बोलायचं नाही.

"पण हे राजे तर केव्हाच मेले होते ना?" मी विचारलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले. "शंभर वर्षं झाली होती. पण राज्य करणाऱ्याची टर उडवता येते, हे तेव्हाच्या सत्तेतल्या लोकांना कुणाला आठवू द्यायचं नव्हतं. दाराची घंटा वाजली की आई कपाटाकडे बघायची. म्हणून मीही बघायचो. ती का घाबरलीय ते मला माहीत नव्हतं, पण मी तिच्याहून जास्त घाबरायचो."

मला ते पटकन समजलं. माझी आई घाबरट नव्हती, पण बाकी सगळं ओळखीचं होतं.

त्यांचं सगळ्यांत लाडकं चित्र एकच, आणि हळूहळू ते माझंही झालं. एका मोठ्या टेबलाभोवती पाच राजे बसलेत. टेबलावर युरोपचा नकाशा चादरीसारखा अंथरलाय आणि प्रत्येकाच्या हातात कात्री. जो तो आपल्याला हवा तेवढा तुकडा कापतोय आणि चेहरे असे, जणू शेजाऱ्यासाठीच कापतोय. मधला राजा सगळ्यांत जाडा, त्याचं पांढरं जाकीट पोटावर ताणलेलं. आणि टेबलाखाली कुठल्याशा चिमुकल्या राज्याचा वकील गुडघ्यांवर बसून पडलेल्या कातरणी टोपीत गोळा करतोय. आजोबा म्हणत, "बाकीच्यांचं सोडा. हा खालचा बघा. याला घरी जाऊन सांगायचंय, की आपलं गाव अजून आहे."

प्रोबेत्साइट संपायला तीन आठवडे उरले असताना दसरा आला.

इथे दसऱ्याला सुट्टी नसते, साधा कामाचा दिवस होता. पण आमच्या घरी माझ्या वडिलांनी आयुष्यभर दसऱ्याला आपली लेथ पुजली. मी लायब्ररीत कपाटं आणि कॉम्प्युटर पुजले. नवरासुद्धा, एरवी देवापुढे उभा न राहणारा, लॅपटॉपला हळदकुंकू लावून मगच ऑफिसला गेला. चार वर्षं माझ्याकडे पुजायला काही नव्हतं. घरातल्या मिक्सरला कुंकू लावायचे आणि डोळ्यांत पाणी यायचं. त्या वर्षी माझं स्वतःचं यंत्र होतं. चित्रांचे फोटो काढायचं, उभ्या खांबावर कॅमेरा बसवलेलं, खाली चित्र ठेवायचं. मी पर्समध्ये चिमुकला करंडा घालून नेला.

फुलं चालत नाहीत हे मला माहीत होतं, म्हणून फूल नेलं नाही. तेवढी हुशारी केली. शेफिन आठ वाजताच्या मीटिंगला गेली तेव्हा मी पटकन कॅमेऱ्याच्या आडव्या दांडीवर, जिथे यंत्राचं कपाळ असावं असं मला वाटलं तिथे, हळद आणि कुंकू लावलं. हात जोडले. मग साबणाने दोनदा हात धुतले, पुसले, वाळवले. एवढं सगळं नीट केलं. एकच चुकलं. वडील बोट ओलं करून लावायचे. मी पाण्याला घाबरून कोरडंच लावलं.

मग मी कात्रीवाले राजे खाली ठेवले आणि कॅमेरा वरून खाली घेतला.

दांडीला बारीकसा धक्का बसतो, तो नेहमीच बसायचा. जाड्या राजाच्या पांढऱ्या जाकिटावर पिवळी भुकटी पडली, तीत लाल चार कण. आणि मी, जिला फुंकणी हाताशी होती, जिला पाच महिने एकच गोष्ट शिकवली होती, मी काय केलं? बोटाने झटकलं. ओट्यावरची हळद झटकतात तसं. भुकटी पसरली आणि बसली. रुपयाएवढा पिवळा डाग, मध्ये लालसर. राजाने वरणभात सांडून घेतल्यासारखा दिसत होता.

  मला आठवतंय, मी त्या क्षणी चित्राचा विचार केलाच नाही. मी विचार केला, दोन आठवडे. कारण सांगावं लागत नाही. आणि यांच्याकडे तर कारणही आहे.

शेफिनच्या पावलांचा आवाज आला तेव्हा मी कीबोर्डशी बसले होते. चित्राची अवस्था, डावा कोपरा दुमडलेला. खालच्या कडेला पाण्याची रेघ. आणि मग माझ्या बोटांनी लिहिलं, मधल्या आकृतीच्या जाकिटावर पिवळसर डाग. उर्झाखे उनबेकांट.

कुणी कशाला विचारेल! पहिली नोंद मीच करत होते. आधीचा कुठलाही फोटो नव्हता.

त्या दिवशी घरी नवऱ्याने सोनं म्हणून हातावर आपट्याचं नाही, मेपलचं पान ठेवलं आणि विचारलं, "काय गं, तोंड का असं?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. मुलगी म्हणाली, "मामा हाट आंग्स्ट." आईला भीती वाटतेय. ती मराठी ऐकते आणि जर्मनमध्ये उत्तर देते, पण चेहरे तिला बरोबर वाचता येतात. मी तिला उगाचच ओरडले.

संध्याकाळी पुण्याहून सासूबाईंचा फोन आला. दसऱ्याचा नमस्कार झाल्यावर मी सहज विचारावं तसं विचारलं, "आई, अहो, कागदावर हळद पडली तर जाते का?"

"पत्रिकेवर पडली का गं? अगं, धुता येत नसेल तर उन्हात ठेव. हळदीला ऊन सोसत नाही. दोन दिवसांत उडून जाईल बघ."

हे मलाही माहीत होतं. कुठल्या मराठी बाईला माहीत नसतं? पण आमच्या खोलीत ऊन येऊ नये म्हणूनच तर पडदे कायम खाली असत. हाताने दिलेले ते रंग, झारचा निळा, वकिलाच्या कोटाचा गुलाबी, उन्हात हळदीच्या आधी उडाले असते. तरी दुसऱ्या दिवशी शेफिन बाहेर गेल्यावर मी पडदा वर केला. ऑक्टोबरचं ऊन जमिनीवर पडलं. मी चित्र हातात घेऊन त्या उन्हापासून दोन पावलांवर उभी राहिले.  खालचा तो टोपीवाला वकील माझ्याकडे बघतोय असं वाटलं. मी पडदा खाली ओढला आणि चित्र जागेवर ठेवलं. शहाणपणाने नाही, भीतीनेच. एका भीतीने दुसरीला थांबवलं.

पुढच्या गुरुवारी आजोबा आले. मी ते चित्र काढणार नव्हते. पण त्यांनी स्वतःच मागितलं, "आज माझे शिंपी दाखवा, ते पाच कात्रीवाले." शेफिनने ते काढून त्यांच्यासमोर ठेवलं. मी पाठ करून टाइप करत राहिले.

मागे खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला. मग ते हळू म्हणाले, "हे काय आहे?"

शेफिनने माझी नोंद वाचून दाखवली. पिवळसर डाग, कारण अज्ञात. "तुमच्याकडे असतानाचा असेल," ती साधेपणाने म्हणाली. तिच्या दृष्टीने ते खरंच होतं.

"नाही. नव्हता." मग म्हणाले, "झेनफ. ही मोहरीची पिवळी चटणी आहे. देण्याआधीच्या आठवड्यात मी ती सगळी चित्रं जेवणाच्या टेबलावर मांडली होती. आल्झो, म्हणजे... मी पाव-सॉसेज खाल्लं असणार. आणि इथे इतक्यांदा बघूनही मला तो दिसला नाही. मला आठवत नाही." त्यांनी शेफिनकडे, मग माझ्याकडे बघितलं. "मला अजिबात आठवत नाही."

तो चेहरा मी वळून बघितला, बघायला नको होता. चार वर्षांच्या मुलाने दाराची घंटा ऐकल्यासारखा तो चेहरा होता. त्या दिवशी त्यांनी कुठलं चित्र कुठे होतं ते सांगितलं नाही. कोटाची बटणं लावताना एक चुकलं, ते उघडून पुन्हा लावताना तेच चुकलं. मला उठायला हवं होतं.  बारा दिवस, मी मनात म्हणत होते, फक्त बारा दिवस राहिले. ते संपले की सांगेन. आजोबा निघून गेले.

त्याच्या पुढच्या गुरुवारी दहा वाजले, सव्वादहा वाजले, खुर्ची रिकामी. फोन वाजला. शेफिन बराच वेळ नुसतं "या, या", म्हणजे हो, हो, करत होती. फोन ठेवून तिने चष्मा काढला.

"त्यांची मुलगी. ते आता येणार नाहीत म्हणते. वर्षभर ती त्यांना हाइममध्ये, वृद्धाश्रमात, जागा बघू या म्हणत होती, ते ऐकत नव्हते. ती विसरलेल्या गोष्टींची यादी दाखवायची, ते वाद घालायचे. आता स्वतःच म्हणाले, मला ठेव तिथे. म्हणे, मी माझ्या आजोबांचं चित्र खराब केलं आणि मला ते ठाऊकही नाही, तर मग मी घरात गॅस कसा लावायचा?"

मी रडायला लागले. शेफिन गडबडून गेली, तिला वाटलं मला आजोबांचं वाईट वाटतंय. वाटतच होतं. पण खरं सांगायचं तर, तेव्हाही माझ्या डोक्यात पाच दिवस हा आकडा होता. पाचच दिवस. आणि मला स्वतःचा इतका राग आला, की रागाच्या भरात ते तोंडातून निघालं. भीतीने निघालं नसतं.

"ती मोहरी नाही," मी म्हटलं. "हळद आहे. मी सांडली."

 ती म्हणाली, "का?"

मी सांगितलं. दसरा, वडिलांची लेथ, चार वर्षांचा मिक्सर, सगळं, रडत आणि चुकीच्या जर्मनमध्ये. आमच्यात वर्षातून एकदा आपल्या हत्यारांचे उपकार मानतात, म्हटलं. तिने एकच विचारलं, "यंत्राचे? कुठे लावलं?" मी दाखवलं. तिने खुर्ची ओढली, वर चढली आणि चष्मा लावून दांडी बघितली. तिथे अजून फिकट पिवळं-लाल होतं. खाली उतरून तिने खुर्ची जागेवर ठेवली.

"हळद मला समजते," ती म्हणाली. "बोटाने झटकणंही समजतं, मीही एकदा केलंय. पण ते दोन शब्द तुम्ही लिहिले, ते समजत नाही. तुम्हाला कारण ज्ञात होतं."

मग ती म्हणाली, नोकरीचं नंतर बघू, आधी कोट घाला.

आजोबांचं घर चालत दहा मिनिटांवर होतं. दार मुलीने उघडलं. आत खोकी भरायला घेतली होती. ते खिडकीशी बसले होते, टाय न लावता. मी उभ्या-उभ्याच सांगितलं. पहिल्या वेळेला त्यांना कळलं नाही. शेफिनने पुन्हा सांगितलं, सावकाश.

"म्हणजे मी नाही?"

"तुम्ही नाही."

"तुम्ही मला बरं वाटावं म्हणून बोलत नाही ना? लोक आजकाल माझ्याशी असं बोलतात."

"नाही," मी म्हटलं. "मी तर तुम्हाला वाईट वाटू दिलं."

 मला वाटलं, आता ओरडतील. ओरडायलाच हवं होतं. पण ते मुलीकडे वळून म्हणाले, "कागद दे." आणि मला म्हणाले, "लिहून द्या. नाहीतर महिन्याने मी विसरेन आणि पुन्हा मला वाटेल की मीच केलं."

मी लिहिलं. इथे पाच वर्षांत मी शंभर दाखले मागितले असतील, राहण्याचा, लग्नाचा, पगाराचा. हा पहिला मी दिला. याद्वारे मी कळवते की पाच राजांच्या चित्रातील जाकिटावरचा डाग आमच्या सणाच्या दिवशी माझ्या हातून, हळद सांडून पडला. सदर गृहस्थांचा त्यात काहीही दोष नाही. त्यांना ते आठवत नाही, कारण ते घडलेलंच नाही. खाली तारीख आणि सही.

त्यांनी दोनदा वाचलं. मग कागद हातात धरून थांबले. "याने तुमची नोकरी जाईल का?"

"जाईल बहुतेक," मी म्हटलं.

"मग मी हे ठेवून घेऊ नये."

"ठेवा," मी म्हटलं.  शेफिनने कागद घेतला, पर्समधून संग्रहाचा शिक्का काढला आणि माझ्या सहीशेजारी मारला. ती शिक्का पर्समध्ये घेऊन निघाली होती, हे तेव्हा कळलं.

उरलेले पाच दिवस मी कसे काढले ते सांगत नाही. मला मूळ चित्रांना हात लावू दिला नाही, नुसतं टाइप करायला ठेवलं. दोन शब्द पुसून तिथे खरं कारण लिहिलं, तेही शेफिनसमोर बसून. शेवटच्या दिवशी कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी सगळ्यांना पुढच्या वर्षाच्या सुट्ट्यांचा तक्ता ईमेलने आला आणि त्यात माझं नाव होतं. स्टेशनवर उभी राहून मी तो तक्ता चारदा उघडला. डाग तसाच राहिला. काढायला गेलं तर कागद दुखावेल, असं तज्ज्ञाने सांगितलं. उन्हात हळद उडते, पण आमच्याकडे अंधारच असतो, त्यामुळे ती राहणार.

आजोबा त्या हिवाळ्यात आपल्या घरीच राहिले. गुरुवारीही येत होते. मग कमी झालं, मग थांबलं. अखेर हाइममध्ये गेलेच, ते काही माझ्या कागदाने टळणारं नव्हतं.

यंदा दसऱ्यानंतरच्या आठवड्यात हाइममधली एक परिचारिका त्यांना चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली. मी पुढे जाऊन नमस्कार केला. त्यांनी सभ्यपणे मान हलवली, अनोळखी माणसाला हलवतात तशी. "शिंपी," ते म्हणाले. मी चित्र आणून समोर ठेवलं. त्यांची नजर फिरत फिरत जाकिटावर आली आणि तोच चेहरा झाला. 

पण मग त्यांचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला. त्यांनी एक कागद काढला, घड्यांवर फाटायला आलेला, आणि माझ्या हातात दिला.

"वाचा," ते म्हणाले. "तो मी नाही केला. लिहिलंय तिथे. शिक्कासुद्धा आहे."

मी माझंच अक्षर त्यांना वाचून दाखवलं. आवाज जमेल तेवढा सरळ ठेवला.

"खरं आहे ना ते?"

"खरं आहे," मी म्हटलं.

त्यांनी कागद परत घेतला, पण खिशात ठेवला नाही. कपाळावर आठ्या पडल्या. काहीतरी शोधत असल्यासारखे ते त्या सहीकडे बघत राहिले.

"या बाई," ते म्हणाले. "त्या फार घाबरल्या होत्या. त्यांची नोकरी गेली का हो?"

"नाही गेली," मी म्हटलं. "अजून आहेत."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि कागदाची घडी घालायला लागले.